लेकीला भेटायला कोरियाला : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची लेक दक्षिण कोरियात, बुसानच्या एका विद्यापीठात संगणकशास्त्र शिकवते. २०२५च्या दिवाळीत मी, हे आणि ७८ वर्षांच्या सासूबाई असे तिघं साताऱ्याहून निघालो आणि २४ दिवस तिच्याकडे राहून आलो. आल्यापासून नातेवाईक, भिशीच्या मैत्रिणी, त्यांच्या विहिणी, आणि ज्यांच्या मुली तिकडे शिकवायला निघाल्यात असे कितीतरी अनोळखी आईबाप प्रश्न पाठवतायत. तेच ते टाइप करून अंगठा दुखायला लागला, म्हणून एकदाच सगळं लिहून काढलं. नियम अधूनमधून बदलतात, तेव्हा पैसे भरण्याआधी मुंबईतल्या कोरियाच्या वाणिज्य दूतावासाची ताजी सूचना बघून घ्या.

१. काकू, कोरियाला व्हिसा लागतो का? तिथे उतरल्यावर विमानतळावर नाही मिळत?

लागतो, आणि तो इथूनच घेऊन जायचा. तिथे उतरून मिळत नाही. 'के-ईटीए' नावाच्या ऑनलाइन परवानगीबद्दल कुणीतरी सांगितलं असेल, पण ती व्हिसामाफी असलेल्या देशांच्या लोकांसाठी आहे, भारतीय पासपोर्टला तिचा उपयोग नाही. आपल्यासाठी सी-३ हा अल्प मुदतीचा व्हिसा असतो, जास्तीत जास्त ९० दिवसांचा. एकदाच आत जाण्याच्या व्हिसाची सरकारी फी ४० डॉलर आहे, ती आपण रुपयांत भरायची. एजंटाचे पैसे वेगळे. जेजू बेटाची सूट वेगळ्या प्रकारची आहे, ती प्रश्न १९मध्ये.

२. साधा टूरिस्ट व्हिसा काढावा की मुलीनं बोलावलंय असं दाखवावं?

जे खरं आहे ते दाखवा. "लेकीचं नाव काढू नका, उगाच चौकशा होतात," असा सल्ला आम्हालाही एका एजंटानं दिला होता. पण राहायचा पत्ता तिचा, दिवाळीचं कारण तिचं, आणि अर्जात मात्र हॉटेलचं खोटं बुकिंग? आम्ही एजंटच बदलला.

लेकीकडून चार कागद मागवले: निमंत्रणपत्र, तिच्या कोरियातल्या रहिवासी कार्डाची दोन्ही बाजूंची प्रत, पासपोर्टची प्रत आणि विद्यापीठाचं नोकरीत असल्याचं प्रमाणपत्र. हे प्रमाणपत्र तिथे चुटकीसरशी मिळतं. आमच्याकडून पासपोर्ट, पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा ३.५ बाय ४.५ सेंटिमीटरचा फोटो, बँकेचं स्टेटमेंट, आयकर विवरणपत्रं आणि यांच्या पेन्शनचे कागद. सासूबाईंचं विवरणपत्र नव्हतंच, त्यांचा खर्च मुलगा करतो असं पत्र जोडलं. अर्जाच्या आदल्या आठवड्यात खात्यात एकदम मोठी रक्कम आणून टाकू नका. पैसा कुठून आला ते ज्याचा त्यालाच सांगता येत नाही, असं ते दिसतं.

३. मुलीच्या जन्मदाखल्यावर माझं नाव वेगळं आहे आणि पासपोर्टवर वेगळं. आता?

सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न हाच, आणि तो फक्त बायकांनीच विचारलाय. पुरुषांचं नाव जन्मापासून तेच असतं ना! आपलं माहेरचं एक, लग्नात बदललेलं दुसरं, आणि दाखला लिहिणाऱ्या कारकुनाला ऐकू आलं ते तिसरं.

माझं तसंच झालं. लेकीच्या दाखल्यावर माझं घरातलं हाक मारायचं नाव पडलं होतं, तेसुद्धा ऱ्हस्व-दीर्घाच्या घोळासकट. शेवटी तीन गोष्टींवर निभावलं. पहिली, लेकीच्या पासपोर्टचं शेवटचं पान. भारतीय पासपोर्टवर तिथे आईवडिलांची नावं छापलेली असतात, आणि तिच्या पासपोर्टवर माझं नाव बरोबर होतं. दुसरी, आमचा विवाह नोंदणीचा दाखला. तिसरी, दोन्ही नावं एकाच व्यक्तीची आहेत असं नोटरीसमोर केलेलं प्रतिज्ञापत्र. हाताशी दोन-तीन महिने असतील तर नगरपालिकेतून दाखलाच दुरुस्त करून घ्या, तो पुढेही कामाला येतो. दाखला नुसता मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतर जोडा. अपोस्टिलचा, म्हणजे परदेशात चालणाऱ्या सरकारी साक्षांकनाचा, शिक्का मागितला तर तो परराष्ट्र मंत्रालयाकडून मिळतो. भारत आणि कोरिया दोन्ही त्या करारात आहेत, त्यामुळे शिक्का झाल्यावर दूतावासाकडून पुन्हा साक्षांकन लागत नाही.

सासूबाईंसाठी साखळी जोडावी लागली: त्यांचं आणि यांचं नातं, मग यांचं आणि लेकीचं. रेशनकार्ड नेलं होतं. ते कुणी बघितलंही नाही, पण सोबत असलं की आपल्यालाच धीर येतो.

४. आईवडिलांना मुलीवर अवलंबून दाखवून वर्षभर राहता येतं का? टीबीचा दाखला लागतो म्हणतात ते खरं का?

नाही राहता येत. प्राध्यापकांना ई-१ व्हिसा मिळतो आणि त्यांच्यावर अवलंबून असणाऱ्यांसाठी एफ-३ असतो, पण तो नवरा किंवा बायको आणि अज्ञान मुलांपुरता. आईवडील त्यात धरत नाहीत. म्हणजे आपल्या नशिबी ९० दिवसच, आणि व्हिसावर कमी लिहिले असतील तर कमीच. टीबीचा दाखला भारतासकट काही ठरावीक देशांच्या लोकांना लांब मुदतीच्या व्हिसासाठी लागतो. लेकीला लागला होता, आम्हाला नाही. अपवाद हवाच असेल तर शेवटचा प्रश्न वाचा.

५. जायला कुठला महिना चांगला?

हवेसाठी म्हणाल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर, नाहीतर मार्चअखेर ते मे. चेरीचा बहर बुसानकडे मार्चच्या शेवटी येतो. जूनअखेर ते जुलै त्यांचा पावसाळा, आणि ऑगस्टमध्ये मुंबईसारखी चिकचिक. हिवाळ्यात सोल गोठतं. बुसान समुद्रकाठी असल्यामुळे त्या मानानं बरं.

पण हवेआधी लेकीचं वेळापत्रक बघा. तिथलं शैक्षणिक वर्ष मार्चमध्ये सुरू होतं. विद्यापीठाचं पहिलं सत्र जूनमध्ये संपतं, दुसरं सप्टेंबर ते डिसेंबर. शाळांच्या सुट्ट्या उशिरा आणि आखूड. प्रत्येक सत्राच्या साधारण आठव्या आठवड्यात सहामाही परीक्षा असते, आणि आमची दिवाळी नेमकी त्याच आठवड्यात आली. नरकचतुर्दशीला पहाटे साडेपाचला सासूबाईंनी लेकीला उटणं लावलं आणि साडेआठला ती पर्यवेक्षणाला पळाली. भाऊबीजेला तिच्यापुढे ओवाळणीच्या ताटाऐवजी पेपरांचा गठ्ठा होता, आणि भाऊ पुण्याहून व्हिडिओ कॉलवर. तरी मी सांगेन, सत्र चालू असतानाच जा. सुट्टीत गेलात तर कोरिया दिसेल, तिचा दिवस कसा जातो ते दिसणार नाही.

छुसॉक हा त्यांचा सुगीचा सण आणि चांद्र नववर्ष हे दोन सण मात्र टाळा. अख्खा देश गावी निघालेला असतो आणि रेल्वेची तिकिटं गणपतीतल्या कोकण रेल्वेसारखी उडतात.

६. मुंबईहून कसं जायचं? सोलला उतरायचं की थेट?

लेक कुठल्या गावात आहे त्यावर ठरवा. सगळे सोलजवळच्या इंचॉन विमानतळाचं तिकीट काढतात, कारण नकाशात सोल मोठं दिसतं. बुसान तिथून ४०० किलोमीटरच्या आसपास. इंचॉनला उतरून सोल स्टेशनपर्यंत विमानतळाची एक्सप्रेस, आणि पुढे केटीएक्स ही वेगवान रेल्वे, अडीच-पावणेतीन तासांची. तिचं साधं तिकीट ५९,८०० वॉन. तरुणांना हे मजेचं, पण रात्रभर विमानात बसलेल्या ७८ वर्षांच्या बाईला नाही.

बुसानचा स्वतःचा आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे, गिम्हे. आम्ही मुंबई-बँकॉक-गिम्हे असे गेलो. दोन्ही विमानं एकाच तिकिटावर घ्या, म्हणजे सामान थेट जातं. व्हीलचेअर दोन्ही टप्प्यांसाठी नोंदवलीय ना, हे फोन करून विचारा. आमची पहिल्याच टप्प्यासाठी नोंदली गेली होती, आणि बँकॉकला सासूबाई पंचेचाळीस मिनिटं एका बाकावर बसून, "मी इथेच राहते, तुम्ही जाऊन या," म्हणत होत्या.

घड्याळ साडेतीन तास पुढे करायचं.

७. उतरल्यावर काय काय विचारतात? इंग्रजी येत नसेल तर?

आम्हाला फारसं काही विचारलं नाही. ई-अरायव्हल कार्ड नावाचा फॉर्म पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत ऑनलाइन भरायचा असतो. तो फुकट आहे, पैसे मागणारी संकेतस्थळं खोटी. काउंटरवर बोटांचे ठसे आणि फोटो घेतात. सासूबाईंचे ठसे उमटेनात. आयुष्यभर भांडी घासून रेषाच झिजल्यात. काउंटरवरच्या मुलीनं उठून त्यांचं बोट आपल्या हातात धरलं आणि हळूच दाबलं, मग उमटले.

लेकीचा पत्ता आणि फोन नंबर कोरियन लिपीत कागदावर छापून प्रत्येकाच्या पर्समध्ये ठेवा. फोन बंद पडतो, कागद पडत नाही.

८. फराळ नेता येतो का? आणि हापूस?

हापूस नाही. ताजी फळं, कढीपत्ता, रोपं, बिया काही नाही. मांस, सुकं मटण, सॉसेज तर अजिबात नाही. डुकरांच्या तापाच्या साथीमुळे त्यांनी दंड एक कोटी वॉनपर्यंत नेलाय. दुधाचे पदार्थही जाहीर करावे लागतात, म्हणून साताऱ्यात राहूनसुद्धा आम्ही कंदी पेढे घरीच ठेवून गेलो.

आता खरी गोम: खसखस. खसखस अफूच्याच झाडाची, आणि कोरियात ती चालत नाही. मसाल्याच्या बाटलीत नुसते तिचे दाणे मिसळलेले असले तरी विमानतळावर काढून घेतात. आपल्या फराळात ती कुठे कुठे असते ते बसून मोजा. अनारसे तर तिच्यावरच थापतो, करंजीच्या सारणात ती भाजून घालतो, आणि काही घरांत काळ्या मसाल्यातही असते. मी अनारसे रद्द केले, करंजीत तीळ घातले, आणि मसाला खसखशीशिवाय नव्यानं कुटून घेतला. चकली, शंकरपाळे, तळलेला चिवडा व्यवस्थित गेले. प्रत्येक पुड्यावर इंग्रजीत नाव आणि घटक लिहिले होते.

शंका आली तर जाहीर करा. जाहीर केलेली वस्तू फार तर ठेवून घेतात, लपवलेली सापडली तर दंड.

९. औषधं किती न्यायची? तिथे आजारी पडलो तर लेकीच्या विम्यात बसेल का?

पूर्ण मुक्कामाची, वर एक आठवडा, मूळ पाकिटात, आणि डॉक्टरांची इंग्रजी चिठ्ठी सोबत. बीपी-शुगरच्या गोळ्यांचा प्रश्न आला नाही. झोपेच्या गोळ्या, कोडीन असलेलं खोकल्याचं औषध किंवा तीव्र वेदनाशामकं असतील तर तिथल्या अन्न व औषध मंत्रालयाची परवानगी आधी घ्यावी लागते. त्याबाबत तिथे फार कडक आहेत.

लेकीच्या विम्यात बसत नाही. ती राष्ट्रीय आरोग्य विम्यात आहे, पण पाहुणे त्यात येत नाहीत. प्रवासविमा इथूनच काढा आणि आधीपासूनचे आजार त्यात धरलेत का ते बारीक अक्षरात वाचा. ॲम्ब्युलन्स ११९, पोलीस ११२, आणि प्रवाशांसाठी इंग्रजी बोलणारी मदत १३३०.

१०. आम्ही शुद्ध शाकाहारी. उपाशी मरू का?

नाही, पण "मांस नको" एवढंच सांगून भागणार नाही. तिथे मासा मांसात धरत नाहीत, आणि सूप तर बहुतेक वेळा सुक्या मासळीच्या पाण्यावर केलेलं असतं. किमचीत, म्हणजे त्यांच्या आंबवलेल्या भाजीच्या लोणच्यात, कोलंबीचं किंवा मासळीचं खारवण असतं. किंबाप दिसतो भाताच्या गुंडाळीसारखा निरागस, पण आत हॅम निघतं. मुगाचं धिरडं बघून मी हरखले, तर त्यात डुकराचं मांस होतं. लेकीनं आम्हाला कोरियन भाषेत कार्ड लिहून दिलं होतं: मांस, मासे, कोलंबी-शिंपले, अंडं आणि त्यांचं पाणी, काहीच नको. तोंडानं म्हणायचं असेल तर "गोगी प्पे जुसेयो", मांस काढून द्या.

बिबिम्बाप, म्हणजे वेगवेगळ्या भाज्या मांडलेला भात, मांस आणि अंडं काढून मिळतो. तिखट चटणी वेगळी मागा, तीही विचारून घ्या.

खरी मेजवानी म्हणजे बौद्ध मठांचं जेवण. त्यात मांस-मासे नाहीतच, कांदा-लसूणही नाही. पाच उग्र वस्तू वर्ज्य, आणि पाचवी वस्तू हिंग समजली जाते. सासूबाई चातुर्मासात कांदा-लसूण खात नाहीत, त्यामुळे पहिल्या चार ऐकून खूश झाल्या. हिंगाचं ऐकल्यावर म्हणाल्या, "मग वरणाला काय घालतात?" वरणच नसतं, हे सांगायला कुणाची जीभ रेटेना.

आणि सोंगप्योन खाऊन बघा. तांदळाच्या पिठाची उकडलेली पारी, आत तीळ आणि साखर, अर्धचंद्राचा आकार. आपण हळदीच्या पानावर उकडतो, ते पाइनच्या सुईसारख्या पानांवर. मोदकाची चुलत बहीणच. छुसॉक होऊन गेला असला तरी तांदळाच्या मिठाईच्या दुकानात मिळतात.

घरी स्वयंपाक करायचा तर डाळी, हिंग, हळद, आटा शेजारच्या गिम्हे गावच्या दोंगसांग-दोंग बाजारातल्या दुकानांतून मिळतो. कुकर मात्र घेऊन जा. वीज २२० व्होल्टचीच आहे, पण प्लगच्या पिना दोन आणि गोल. आपला तीन पिनांचा प्लग बसत नाही, अडॅप्टर हवा.

११. मुलीचं घर एका खोलीचं आहे. चार माणसं मावतील?

मावली. तिथली घरं पलंगावर चालत नाहीत, जमिनीवर चालतात. ओन्दोल म्हणजे जमिनीखालून गरम पाण्याच्या नळ्या फिरवलेल्या, फरशी कोमट. लेकीनं पलंग सासूबाईंना दिला. दुसऱ्या रात्री त्या खाली उतरून सतरंजीवर झोपल्या. म्हणाल्या, "चुलीपाशी झोपल्यागत वाटतंय." गुडघे तिथे दुखले नाहीत, हे त्या आजही येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात.

विद्यापीठाच्या निवासस्थानात लेक राहत असेल तर पाहुण्यांची परवानगी आधी विचारून ठेवा. कित्येक ठिकाणी दिवसांची मर्यादा असते. आमची लेक भाड्याच्या घरात होती.

कचऱ्याचं प्रकरण गंभीर आहे. उष्टं-खरकटं वेगळं, प्लास्टिक वेगळं, बाकीच्यासाठी पालिकेच्या विकतच्या पिशव्या. कांद्याची सालं तिथे खरकट्यात धरत नाहीत, आणि आमच्या यांनी पहिल्याच दिवशी ती खरकट्याच्या डब्यात टाकली. इमारतीचे रखवालदार आजोबा बाहेर आले, हातमोजा घातला, एकेक साल वेचून काढली, यांच्याकडे बघून किंचित वाकले आणि आत गेले. शिव्या परवडल्या असत्या. दारात चपला काढायच्या, हे मात्र आपल्याला शिकवायला लागत नाही.

१२. लेकीच्या घरी महिनाभर राहायचं, खायचं… बरं दिसतं का ते?

हा प्रश्न सांगलीच्या एका आजींनी नातवाकडून लिहवून पाठवला. आमच्या घरातही तो होता, फक्त कुणी मोठ्यानं म्हणत नव्हतं. सासूबाईंनी निघताना स्वतःच्या पेन्शनमधले पाचशे डॉलर घेतले होते. पोहोचल्या दिवशी ते लेकीच्या फ्रिजवर ठेवून म्हणाल्या, "हे माझ्या जेवणाचे." लेक रडवेली झाली, पण तिनं परत केले नाहीत. त्याच पैशातून आजीलाच तिथला जाड कोट घेतला. आम्ही भाजी, किराणा आणि मेट्रोची कार्डं आमच्याकडे घेतली. भांडी यांनी घासली.

लग्न न झालेल्या लेकीचं घर हे "लेकीचं सासर" नव्हे, मग नियम कुठला लावायचा? आम्ही कुठलाच लावला नाही.

१३. ती दिवसभर कॉलेजात. आम्ही घरात बसून काय करायचं?

घरात बसू नका. पहिले दोन दिवस तिच्याबरोबर फिरून मेट्रो शिका, तिसऱ्या दिवशी एकटे निघा. बुसानची मेट्रो सोपी आहे, रंग आणि आकडे. टी-मनीसारखं कार्ड बस आणि मेट्रो दोन्हीकडे चालतं, पण ते भरायला बहुतेक ठिकाणी रोख पैसे लागतात. ६५ वर्षांवरच्यांना मेट्रो फुकट असते ती तिथल्या लोकांना, आपल्याला नाही. ज्येष्ठांच्या जागांवर मात्र हक्कानं बसा.

गूगल मॅपवर आम्हाला पायी रस्ता मिळेना. तिथे सगळे नेव्हर मॅप किंवा काकाओ मॅप वापरतात.

आणि बायकांनो, हे खास तुमच्यासाठी: प्रत्येक मेट्रो स्टेशनवर स्वच्छतागृह आहे, फुकट आणि स्वच्छ. घरातून निघताना पाणी कमी पिण्याची आपली आयुष्यभराची सवय तिथे मोडते.

१४. भाषेचं कसं? आणि तिच्या वर्गात बसून तिला शिकवताना बघता येतं का?

फोनवरच्या भाषांतरावर भागतं. वस्तू देता-घेताना दोन्ही हात वापरायचे, थोडं वाकायचं. निम्मं संभाषण तिथेच होतं.

वर्गाचं म्हणाल तर तिनं विभागात विचारलं, ते हो म्हणाले, आणि आम्ही मागच्या बाकावर वीस मिनिटं बसलो. विषय इंग्रजीतून, तरी मला शून्य कळला. ती उंच काचफळ्यावर पाय उंचावून लिहीत होती. बालवाडीत असताना दारावर खडूनं अशीच लिहायची. तास संपल्यावर मुलं आमच्यापुढे कमरेत वाकून गेली. तिथे प्राध्यापकाला 'ग्योसूनिम' म्हणतात, नावानं कुणी हाक मारत नाही.

आमची मुलं वडिलांना आप्पा म्हणतात. लेकीनं मागे बघून, "आप्पा, जरा थांबा," म्हटलं आणि अख्खा वर्ग चमकून वळला, कारण कोरियन भाषेत वडिलांना 'अप्पा'च म्हणतात. त्या दिवसापासून हे त्या विभागात अप्पा झाले.

शाळेत शिकवणाऱ्या मुलींच्या आईवडिलांनी वर्गात बसायची अपेक्षा ठेवू नये. तिथे मुलं लहान आणि नियम कडक.

१५. तिच्या साहेबांना, विद्यार्थ्यांना काय भेट न्यावी? पैठणी? चांदीचं काही?

चांदीचं अजिबात नको. २०१६पासून तिथे लाच आणि भेटवस्तूंविरुद्धचा कडक कायदा आहे आणि खासगी शाळा-विद्यापीठांचे शिक्षकही त्यात येतात. मूल्यमापन चालू असताना विद्यार्थ्यानं शिक्षकाला कॉफीचा कप देणंसुद्धा चालत नाही. मग आपण कुणाला महागडी भेट देऊन लेकीलाच अडचणीत कशाला आणायचं? आम्ही विभागात चकली आणि शंकरपाळे सगळ्यांसाठी मिळून टेबलावर ठेवले. चकली दहा मिनिटांत संपली.

१६. वयस्कर माणसांना घेऊन काय काय बघावं?

कमी बघा. आम्ही आठवड्यातून तीन दिवस बाहेर पडलो. ग्वांगाल्लीचा किनारा संध्याकाळी, पूल उजळतो तेव्हा. जागाल्ची हा मासळीबाजार आहे. शाकाहाऱ्यांनी नाकाला रुमाल लावून का होईना जावं, विक्रेत्या बायकांचा आवाज ससून डॉकची आठवण करून देतो. हेदोंग योंगगुंगसा हे समुद्राच्या खडकांवरचं बौद्ध मंदिर सुंदर आहे, पण १०८ पायऱ्या उतरायच्या, म्हणजे नंतर तेवढ्याच चढायच्या. सासूबाई वरच थांबल्या आणि १०८चा जप करून घेतला.

त्यांना सगळ्यात आवडलं ते गिम्हे. सासांग स्टेशनवरून हलक्या रेल्वेनं जाता येतं. तिथे राणी हो ह्वांग-ओकची समाधी आहे. 'सामगुक युसा' या तेराव्या शतकातल्या ग्रंथात कथा आहे की ही राजकन्या इसवी सन ४८मध्ये 'आयुता' देशातून जहाजानं आली आणि राजा सुरोची राणी झाली. आयुता म्हणजे आपली अयोध्या, असं बरेच जण मानतात, आणि अयोध्येत तिचं स्मारकही उभारलंय. इतिहासकार याला दंतकथा म्हणतात, आणि मलाही ते पटतं. समाधीजवळ लालसर दगडांचा छोटा स्तूप आहे. समुद्र शांत व्हावा म्हणून तिनं ते दगड बोटीतून आणले म्हणे. आपल्या दोन मुलांना तिनं स्वतःचं आडनाव दिलं, म्हणून गिम्हेचे किम आणि हो ही घराणी परंपरेनं आपसात लग्नं करत नाहीत. "म्हणजे सगोत्र," सासूबाई लगेच म्हणाल्या. मग स्तूपापाशी बराच वेळ उभ्या राहून त्यांनी विचारलं, "हिच्या आईला खुशाली कशी कळत असेल?"

१७. बाबा आर्मीतून निवृत्त. त्यांना काय दाखवू?

बुसानमधली संयुक्त राष्ट्रांची स्मारक दफनभूमी, आणि सोलकडे जाणार असाल तर पान्मुन्जोमच्या बाजूची, उत्तर कोरियाच्या सीमेची सहल. पासपोर्ट लागतो, बुकिंग आधी करा. भारताचं ६०वं पॅराशूट फील्ड ॲम्ब्युलन्स हे वैद्यकीय पथक लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या नेतृत्वाखाली १९५०च्या नोव्हेंबरात कोरियात आलं होतं. कोरियन युद्ध थांबल्यावर १९५३-५४मध्ये कैद्यांची जबाबदारी भारतीय दलाकडे आली आणि त्याचे प्रमुख होते मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, आपल्या कोल्हापूर भागातले. दक्षिण कोरियाचे तेव्हाचे अध्यक्ष भारतीय सैनिकांचा पाय आपल्या जमिनीवर पडू द्यायला तयार नव्हते. म्हणून आपल्या जवानांना इंचॉनच्या जहाजांवरून हेलिकॉप्टरनं थेट सीमेवरच्या पट्ट्यात उतरवलं. तिथल्या त्यांच्या छावणीचं नाव हिंदनगर. हे ऐकल्यावर बाबा सीमेवर किती वेळ उभे राहतील याचा अंदाज घेऊनच सहल ठरवा.

१८. पैसे किती आणि कसे न्यावेत?

हजार वॉन म्हणजे साधारण ६०-६५ रुपये, तोंडी हिशेबाला पुरे. कार्ड जवळपास सगळीकडे चालतं, रोख फक्त मेट्रोकार्ड आणि बाजारासाठी. टिप द्यायची नसते. ५०,००० वॉनच्या नोटेवर शिन साइमदांग ही चित्रकार बाई आहे आणि ५,०००च्या नोटेवर तिचा मुलगा यी ई. आईची किंमत लेकाच्या दहापट. ही नोट मी मोडली नाही, घेऊन आले.

१९. जेजू बेटाला व्हिसा लागत नाही म्हणे. मग तिथे उतरून बुसानला जाता येईल का?

नाही! ही सूट परदेशातून थेट जेजूला उतरणाऱ्यांसाठी आणि फक्त जेजूपुरती आहे. तिथून मुख्य भूमीवर जाता येत नाही. एका एजंटानं एका कुटुंबाला हेच पॅकेज विकायचा प्रयत्न केला होता. लेकीकडे जायचं तर प्रश्न १ आणि २ प्रमाणेच. तो व्हिसा हातात असला की बुसानहून जेजूला देशांतर्गत विमानानं खुशाल जा.

२०. मोठी मुलगी अमेरिकेत, तिचा पासपोर्ट अमेरिकन. तीही येणार आहे. आमच्याच अर्जात घालू?

नको. अमेरिकन पासपोर्टला थोड्या दिवसांच्या भेटीसाठी व्हिसा लागत नाही. के-ईटीएची तेव्हाची स्थिती तिनं तिची बघावी. तिच्या नवऱ्याचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर त्याला मात्र व्हिसा लागणार. एकाच विमानात बसलेल्या जोडप्यातला एक जण त्यामुळे अडकू शकतो.

२१. माझी मुलगी बी.एड. आहे. कोरियात इंग्रजी शिकवायला जाऊ शकते का?

इंग्रजी शिकवण्याचा ई-२ व्हिसा मुळात अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या सात देशांच्या नागरिकांसाठी आहे. भारतीयांसाठी एक खिडकी आहे: २०१०पासून लागू असलेला भारत-कोरिया आर्थिक करार. त्याखाली इंग्रजीची पदवी आणि शिक्षकाची पात्रता असेल तर सरकारी शाळेत सहायक इंग्रजी शिक्षक म्हणून घेता येतं. शाळेनं घ्यायला हवं, ही खरी अडचण. "खासगी क्लासमध्ये लावून देतो, व्हिसा टूरिस्ट काढा," असं म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

२२. आई योगशिक्षिका आहे. तिथे महिनाभर वर्ग घेऊन तिकिटाचे पैसे काढता येतील?

सी-३वर कमाई करता येत नाही. रोख घेतली, ऑनलाइन घेतली, "दक्षिणा" म्हटलं, तरी नाही. पकडले गेलात तर भुर्दंड तुम्हाला, आणि बोलावणारी म्हणून नाव लेकीचं येतं. सोसायटीतल्या आजींना फुकट प्राणायाम शिकवा, सासूबाईंनी तेच केलं.

२३. मुलीनं कोरियन मुलाशी लग्न केलं तर आम्हाला जास्त राहता येतं का?

येऊ शकतं. कोरियन नागरिकाशी लग्न करून तिथे राहणाऱ्या मुलीला बाळंतपण किंवा लहान मूल असेल, तर मदतीसाठी आईवडिलांना एफ-१ प्रकारात अधिक काळ राहायची सोय आहे. नुसतं लग्न झालं म्हणून नाही. कागदपत्रं जावयाकडूनही लागतात. कोरियातून चौकशी करायची तर त्यांच्या इमिग्रेशनची मदतवाहिनी १३४५.

हाच प्रश्न तिघींनी, "तुमच्या लेकीचं काही ठरतंय का?" अशा अर्थानं विचारलाय. त्याचं उत्तर या पानावर मिळणार नाही.